शिळ्या तुकड्याची बढती

मुंबई-पुण्यातल्या कोणत्याही बऱ्यापैकी हॉटेलचे मेन्यूकार्ड उघडावे, पहिल्याच पानावर ‘स्टार्टर्स’ या मथळ्याखाली एक पदार्थ हमखास सापडतो. कुठे त्याचे नाव चिली चीज टोस्ट असते, कुठे चीज गार्लिक ब्रेड, तर जरा उंची ठिकाणी ब्रुस्केता. नावे वेगळी, पण कुळी एकच : विस्तवावर भाजलेला पावाचा तुकडा, त्यावर चीज आणि वर काहीतरी हिरवे. कोथिंबीर, मिरची, आपल्या तुळशीच्या जातीचे बेसिल किंवा वाळवलेला ओरेगानो. वेटर ही बशी आणून ठेवतो तेव्हा जेवण सुरू झालेले नसते, गप्पा सुरू झालेल्या असतात. भूक असेल तर ती जरा चाळवावी, नसेल तर लागावी, एवढीच त्या तुकड्याकडून अपेक्षा असते.

मला या पदार्थाविषयी कुतूहल वाटू लागले ते नेमके याच कारणाने. पाव, चीज आणि परसातला पाला हे तिन्ही जिन्नस मुळात भूक भागवण्याचे, तेही सर्वांत कमी खर्चात. मग पोट भरणारा हा घास पोट भरण्याआधीचा घास कधी झाला? आणि तो तसा होत असताना त्याच्या मूळ खाणाऱ्यांचे काय झाले? रोमन शेतीपुस्तकांपासून आणंदच्या दुग्धालयापर्यंत या तुकड्याचा माग काढताना जे हाती लागले, ते इथे मांडतो आहे.

सिमुलसची न्याहारी

पाव, चीज आणि पाला यांचा सर्वांत तपशीलवार जुना दाखला पाकशास्त्राच्या पुस्तकात नाही, एका कवितेत आहे. ‘मोरेटम’ ही सव्वाशेच्या आसपास ओळींची लॅटिन कविता. ती व्हर्जिलच्या नावावर चालत आलेल्या लहान रचनांच्या संग्रहात आहे. आजचे अभ्यासक मात्र ती त्याची मानत नाहीत. मोरेटम म्हणजे खलात कुटलेला चीज आणि पाल्याचा गोळा. कवितेत राजा नाही, युद्ध नाही, देव जवळजवळ नाहीतच. हिवाळ्यातल्या एका पहाटे सिमुलस नावाचा गरीब शेतकरी उठतो आणि दिवसभराच्या अन्नाची सोय करतो, एवढीच कथा.

ती वाचताना मराठी वाचक पदोपदी थबकतो. सिमुलस अंधारात चाचपडत चुलीपाशी जातो, राखेखालचा निखारा फुंकून दिवा लावतो. सोळा रोमन पौंड, म्हणजे आजच्या हिशेबाने पाच किलोंहून थोडे अधिक धान्य मोजून घेतो आणि जात्यावर दळायला बसतो. हात बदलत दळतो, दळताना गातो. पीठ चाळतो, कोमट पाणी आणि मीठ घालून मळतो, थापून गोल भाकर करतो आणि तिच्यावर चार भागांच्या खुणा उमटवतो. साफ केलेल्या चुलीच्या जागेवर ती ठेवून वर कौले आणि कौलांवर विस्तव रचतो.

नुसती कोरडी भाकर कशी खाणार? छताला मांस टांगलेले नाही. तेवढी ऐपतच नाही. टांगलेली आहे ती मधोमध दोरी ओवलेली चीजची एक चकती आणि शेपूची एक जुनी जुडी. म्हणून तो परसात जातो. लसणाचे चार गड्डे उपटतो, अजमोदाच्या जातीचा पाला, सतापाची पाने आणि कोथिंबीर खुडतो. लसूण सोलून खलात टाकतो, मीठ आणि मिठात मुरलेले कडक चीज घालतो, वर पाला. मग बत्ता फिरू लागतो. हळूहळू प्रत्येक जिन्नस आपला रंग सोडतो आणि सगळ्यांचा मिळून एकच रंग होतो : पुरता हिरवा नाही, कारण चीज आहे, पुरता पांढरा नाही, कारण पाला आहे. लसणाचा उग्र वास नाकात जातो, डोळ्यांना धारा लागतात, सिमुलस धुराला दोष देत डोळे पुसतो. शेवटी तेलाचे थेंब, किंचित शिरका, आणि दोन बोटांनी खल पुसून घेत बांधलेला गोळा. न्याहारी तयार.

मिरची काढून टाका आणि शेंगदाण्याच्या जागी चीज ठेवा, की हा आपला ठेचा आहे. खलबत्त्यात मी तो करून पाहिला. जुने, खारट चीज घेतले, लसूण चारऐवजी एकच गड्डा घेतला, तरी पहिल्या घासाला कानशिले तापली. गार, वातड भाकरीवर तो फिका वाटला. तीच भाकरी निखाऱ्यावर कडक करून घेतल्यावर मात्र दोघांचे जमले. चीजमधली चरबी उष्णतेने सैल होते, लसणाचा तिखटपणा मागे सरतो आणि कोथिंबिरीचा वास वर येतो.

सतापाचे रोप कोकणातल्या जुन्या परसांना परके नाही. शेपू आणि कोथिंबीर तर आपल्या रोजच्या भाजीच्या पिशवीतली. कोथिंबिरीचा मूळ संस्कृत शब्द ‘कुस्तुंबुरु’ पाणिनीच्या सूत्रांत आला आहे. म्हणजे सिमुलसच्या परसातली ही वनस्पती आपल्याकडेही तितकीच जुनी. गंमत अशी की पुढे इटलीच्या स्वयंपाकाने कोथिंबिरीचा ओला पाला जवळजवळ सोडून दिला; अजमोदा आणि बेसिल यांनी तिची जागा घेतली. मुंबईतल्या चिली चीज टोस्टवर हिरवी कोथिंबीर पडते तेव्हा तो, कोणाच्याही नकळत, रोममधल्या आजच्या ब्रुस्केतापेक्षा मोरेटमच्या जास्त जवळ जातो.

हा एकट्या कवीचा कल्पनाविलास नव्हता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला शेतीतज्ज्ञ कोल्युमेला याने आपल्या ग्रंथाच्या बाराव्या भागात अशा कुटलेल्या मिश्रणांच्या कृती दिल्या आहेत : पुदिना, सताप, कोथिंबीर, अजमोदा, कांद्याची पात, ओवासदृश थाइम, सोबत ताजे आणि खारवलेले चीज, मिरे घातलेला शिरका आणि वरून तेल. त्याच्याही दोनशे वर्षे आधी कॅटोने दोन भाग चीज आणि एक भाग पीठ एका अंड्यात मळून, पानांवर ठेवून, मातीच्या झाकणाखाली मंद भाजायची कृती लिहून ठेवली होती. भूमध्य समुद्राच्या काठी धान्य, चीज आणि विस्तव यांची सोबत अशी फार जुनी आहे.

पण कवितेतल्या दोन गोष्टी कृतीच्या नादात निसटू नयेत. पहिली : सिमुलसच्या परसात पुष्कळ काही पिकते, ते मात्र त्याच्यासाठी नसते. दर बाजाराच्या दिवशी तो भाजीचे भारे खांद्यावरून शहरात नेतो आणि पैसे घेऊन परततो. स्वतः कांदा, लसूण, पाला यांवर भागवतो. दुसरी : या घरात आणखी एक माणूस आहे. स्किबाले नावाची आफ्रिकेतून आलेली बाई. ती सरपण घालते, पाणी तापवते, चुलीची जागा साफ करते, शेवटी भाजलेली भाकर बाहेर काढते. कवी तिच्या शरीराचे नख-शिखांत, काहीसे कुचेष्टेचे वर्णन करतो. सिमुलस भाकर हातात घेऊन, भुकेची चिंता मिटल्याच्या आनंदात, बैल जोडून नांगराला जातो. स्किबालेने काय खाल्ले, ते कविता सांगत नाही.

शिळेपणाचे शास्त्र

सिमुलसची भाकर ताजी होती. आपल्या तुकड्याची खरी कथा सुरू होते ती पाव शिळा झाल्यावर. युरोपातल्या खेड्यांत घरोघरी भट्टी नसे. गावाची एक सामाईक भट्टी असे आणि सरपण महाग असे. म्हणून आठवड्याचा पाव एकदम भाजत. आल्प्समधल्या काही खेड्यांत तर तो वर्षातून एकदा-दोनदाच भाजला जाई आणि मग कुऱ्हाडीसारख्या सुरीने तोडून खावा लागे. पावाची मूळ चव लोकांना ठाऊक होती ती शिळ्या पावाची.

पाव शिळा होतो म्हणजे वाळतो, असा आपला समज. १८५२ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बुसिंगो याने दाखवून दिले की हवाबंद ठेवलेला, पाण्याचा थेंबही न गमावलेला पावसुद्धा शिळा होतो, आणि साठेक अंशांपर्यंत तापवला की पुन्हा मऊ होतो. याचे कारण पुढे उलगडले. भाजताना पिठातला स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि त्याची रचना विस्कटते. गार होताना त्याचे रेणू पुन्हा शिस्तीत बसू लागतात आणि पाव घट्ट, वातड लागतो. ही क्रिया फ्रिजच्या थंडीत आणखी वेगाने होते, म्हणून फ्रिजमधला पाव बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा लागतो. विस्तव ती घडी पुन्हा मोडतो. शिवाय वरचा थर दीडशे अंशांच्या आसपास गेला की पिठातली प्रथिने आणि साखर यांच्यात ती क्रिया सुरू होते जिला १९१२ मध्ये तिचे वर्णन करणाऱ्या मायार या शास्त्रज्ञाचे नाव आहे. तांबूस रंग आणि खमंग वास ही तिचीच देणगी.

म्हणजे शिळा तुकडा भाजणे ही चैन नव्हती, दुरुस्ती होती. ‘टोस्ट’ हा शब्द लॅटिनमधल्या करपवणे, शेकणे या अर्थाच्या क्रियापदातून आला. ‘ब्रुस्केता’ रोमच्या बोलीतल्या निखाऱ्यावर भाजणे या अर्थाच्या क्रियापदातून. टस्कनीत याच पदार्थाला ‘फेत्तुंता’ म्हणतात, म्हणजे तेलात माखलेला काप. ऑलिव्हचा हंगाम आला, घाण्यातून नवे तेल पडू लागले की घाण्यावरचे लोक निखाऱ्यावर पाव भाजत, त्याच्या खरखरीत अंगावर लसणाची पाकळी घासत आणि ताजे तेल ओतून चव पाहत. भाजलेल्या पावाचा पृष्ठभाग किसणीसारखा असतो, लसूण त्यावर झिजतो. मऊ पावावर तो नुसता घसरतो. आणि भाजून कडक झालेला थर वरचे तेल किंवा चीज लगेच आत मुरू देत नाही. आधी पाव भाजावा आणि मग त्यावर चीज घालून पुन्हा वरून आच द्यावी, हा हॉटेलातल्या आचाऱ्याचा नियम या घाण्यावरच्या अनुभवाचाच वारस आहे.

ताटाखालचे ताट

मध्ययुगीन युरोपात शिळ्या पावाला आणखी एक काम होते : तो ताट होता. श्रीमंतांच्या मेजवानीत काही दिवस आधी भाजलेल्या जाड, भरड पावाचे चौकोनी काप प्रत्येकासमोर ठेवत आणि मांस-रस्सा त्यावर वाढत. १३९३ च्या सुमारास पॅरिसमधल्या एका वयस्क गृहस्थाने आपल्या तरुण पत्नीसाठी लिहिलेल्या गृहव्यवस्थेच्या पुस्तकात मेजवानीच्या यादीत अशा पावाची नोंद आहे. जेवण झाले की रश्शात भिजलेले हे काप गोळा करून दारातल्या गरिबांना वाटत, किंवा कुत्र्यांना घालत.

इथे मराठी माणसाला युरोपची पाने बाजूला ठेवावी लागतात. शिळा आणि उष्टा तुकडा आपल्याकडेही वाटला जात होता, आणि तो कोणाच्या पदरात पडायचा हे जन्माने ठरलेले होते. गावकीची कामे करणाऱ्या महारांनी संध्याकाळी घरोघर फिरून भाकरी मागायची, हा हक्क म्हणून सांगितला गेलेला अपमान होता. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे तुकडे सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा त्यांच्या दृष्टीने तो आहाराचा प्रश्न नव्हता. दया पवारांच्या ‘बलुतं’ने १९७८ मध्ये ते जग मराठी साहित्यात आणले, शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ने दलित स्वयंपाकघरातल्या पदार्थांची स्वतंत्र नोंद केली. ‘शेतकऱ्याचे साधे, रांगडे खाणे’ म्हणून ब्रुस्केताचे कौतुक करणारी मेन्यूकार्डे वाचताना मला या पुस्तकांची आठवण होते. शिळ्या तुकड्यात चव शोधणे ही गरिबांची हुशारी आहे, यात शंका नाही. पण तो तुकडा खाण्यावाचून दुसरी निवड नसणे ही हुशारी नव्हे.

इंग्रजांनी ही गोष्ट विनोदात मुरवली. वेल्सच्या लोकांना भाजलेल्या चीजचे भलते वेड, अशी इंग्लंडात त्यांची टिंगल चाले. १५२६ मध्ये छापलेल्या एका विनोदसंग्रहातली कथा अशी : स्वर्गात वेल्शमन फार झाले आणि त्यांच्या बडबडीने देव त्रासला, तेव्हा संत पीटरने दाराबाहेर जाऊन ‘भाजलेले चीज!’ अशी आरोळी त्यांच्याच भाषेत ठोकली आणि सगळे वेल्शमन बाहेर धावले. पीटरने आत येऊन दार लावून घेतले. पुढे पावावर वितळवलेल्या चीजला ‘वेल्श रॅबिट’ म्हणजे वेल्सचा ससा हे नाव पडले. ज्याला सशाचे मांस परवडत नाही त्याचा ससा म्हणजे चीजचा तुकडा, असा त्यातला टोमणा. १७४७ मध्ये हॅना ग्लासने आपल्या पाकपुस्तकात वेल्श, स्कॉच आणि इंग्लिश अशा तीन ‘सशां’च्या कृती दिल्या. म्हणजे टोमण्यातला पदार्थ सभ्य घरांच्या टेबलावर पोहोचला होता. आणखी चाळीसेक वर्षांत, १७८५ च्या एका कोशात, सशाचे ‘रेअरबिट’ झालेले दिसते : दुर्मीळ, नाजूक घास. पदार्थ तोच राहिला, नाव मात्र त्याच्या नव्या खाणाऱ्यांना शोभेसे झाले.

आधी की नंतर?

तरीही हा घास अजून जेवणाच्या सुरुवातीला आलेला नव्हता. त्यासाठी जेवणालाच आधी ‘सुरुवात’ लाभावी लागते. आपल्या ताटात ती नसते. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी, उसळ उजवीकडे, वरणभात मध्ये, सगळे एकाच वेळी समोर. चटणी ही जेवणाआधी खायची नसते, ते तोंडीलावणे. सिमुलसचे मोरेटमही तोंडीलावणेच होते. मुख्य अन्न भाकर. युरोपातही एकोणिसाव्या शतकापर्यंत श्रीमंतांच्या मेजवानीत अनेक पदार्थ एकदम टेबलावर मांडत, तिला फ्रेंच पद्धत म्हणत. त्या शतकात एकामागून एक पदार्थ वाढण्याची ‘रशियन पद्धत’ रूढ झाली आणि जेवण पुस्तकासारखे प्रकरणांत विभागले गेले. प्रकरणे आली की प्रस्तावना आलीच. फ्रेंचांनी तिला ‘ऑर दव्र’ म्हटले, म्हणजे मुख्य कामाबाहेरचे; इटालियनांनी ‘अँतिपास्तो’, म्हणजे जेवणाआधीचे.

गंमत म्हणजे इंग्रजांच्या व्हिक्टोरियन टेबलावर चीज टोस्ट प्रस्तावनेत नव्हता, तर समारोपात होता. गोड झाल्यावर, शेवटच्या मद्याबरोबर, एक खारट-तिखट तुकडा यायचा. त्याला ‘सेव्हरी’ म्हणत. हिंदुस्थानातल्या बंगल्यांत आणि क्लबांत हीच सेव्हरी आली. इथल्या खानसाम्याने तिच्यात हिरवी मिरची घातली, आणि मिरचीने जागा बदलून घेतली. गोडावर तिखट खाणे आपल्या जिभेला मानवत नाही. तिखट तुकडा शोभतो तो पहिल्या घोटाबरोबर. मुंबईच्या विलिंग्डन स्पोर्ट्स क्लबशी जोडलेला ‘एग्ज केजरीवाल’ हा याच घराण्यातला : टोस्ट, चीज, हिरवी मिरची आणि वर तळलेले अंडे. ज्यांच्या घरी अंडे चालत नसे अशा एका सभासदाच्या नावाने तो ओळखला जातो, अशी त्याची कथा सांगितली जाते. घरी वर्ज्य ते क्लबात चालते, हे त्या तुकड्याने नेमके टिपले.

बाटवणारा पाव

वर्ज्यावर्ज्याचा विषय निघाला की आपल्याकडे आधी पावाकडेच वळावे लागते. ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीज. १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्यांबरोबर आलेला. गव्हाचा गोव्याशी संबंध नव्हता आणि यीस्टही नव्हते. गोंयच्या पोदेरांनी पीठ फुगवायला माडाची सूर वापरली. पण भाताच्या मुलखात ही वस्तू परधर्माची खूण ठरली. विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि गाव बाटले, अशा कथा पिढ्यान् पिढ्या सांगितल्या गेल्या. त्या घडल्या तशा घडल्या की नाही यापेक्षा त्यांवरचा विश्वास मोठा होता. पाव खाणारा तो ‘पाववाला’.

म्हणूनच १८४९ मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग आणि राम बाळकृष्ण जयकर यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या परमहंस सभेने जातिभेद मोडण्याची परीक्षा म्हणून पावच निवडला. ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाणे हा सभेत प्रवेश घेण्याच्या विधीचा भाग होता, आणि हे सारे गुप्तपणे चाले. सभासदांची यादी बाहेर फुटली तेव्हा सभा मोडली. १८९० मध्ये पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे पुढे आल्यावरून केवढे वादळ उठले आणि टिळक-रानड्यांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला कसे तोंड द्यावे लागले, हे सर्वश्रुत आहे. आज पंगतीतल्या कोणालाही चीज टोस्ट खाताना आपण काही धाडस करतो आहोत असे वाटत नाही. हे न वाटणे कमावण्यासाठी काही माणसांनी एक पाव चोरून खाल्ला होता.

पाव रुळला तो मुंबईच्या कामगारवस्तीत : गोव्याहून आलेल्यांच्या बेकऱ्यांत, इराण्यांच्या हॉटेलांत. चूल पेटवायला वेळ नसलेल्याचे अन्न म्हणून. रस्त्यावरच्या सँडविचवाल्याने त्यात उकडलेला बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो आणि कोथिंबीर-मिरचीची हिरवी चटणी भरली आणि लांब दांड्याच्या साच्यात घालून निखाऱ्यावर भाजले. निखारा, पाव, कुटलेला पाला, लसूण : चीज सोडून मोरेटमचे सगळे जिन्नस हजर.

म्हशीच्या दुधाचे चीज

चीज उशिरा आले, आणि त्याला कारण आहे. मराठीत दुधाची विरजण, दही, ताक, लोणी, तूप, चक्का, खवा अशी केवढी शब्दसंपत्ती आहे! पण फाटलेल्या दुधाला शब्द एकच : ‘नासले’. दूध मुद्दाम फाडणे हे आपल्याला पटत नव्हते. त्यात चीज धरवणारे रेनेट पारंपरिक पद्धतीत वासराच्या पोटातून काढत. पोर्तुगीजांच्या वाटेने बंगालमध्ये बांडेलचे चीज आले, सुरतेच्या बाजूला पारशांनी टोपलीतले पनीर जपले. महाराष्ट्राच्या पठारावर मात्र त्यांतले काही पोहोचले नाही.

पोहोचले ते कारखान्यातून. जुने चीज फार तापवले की त्याचे तेल वेगळे होते आणि उरलेला भाग रबरासारखा आखडतो. १९११ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या गेर्बर आणि स्टेट्लर यांनी चीज सायट्रेट क्षारांबरोबर वितळवून यावर तोड काढली. हे क्षार चीजमधले कॅल्शियम बांधून ठेवतात, प्रथिने सैल होतात आणि चरबीला धरून ठेवतात. म्हणून असे चीज टोस्टवर सारखे पसरते. १९१६ मध्ये अमेरिकेत क्राफ्टने आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले. टिकाऊ, एकसारखे आणि डब्यात मावणारे हे चीज गरम हवेच्या देशांसाठी सोयीचे होते.

आणंदच्या सहकारी दुग्धालयापुढे अडचण निराळीच होती. खेड्यातल्या बायका घालत ते दूध म्हशीचे. आणि चीज, दूधपावडर वगैरे गायीच्या दुधाचीच व्हायची, असे युरोपातले तज्ज्ञ सांगत. १९५५ मध्ये ह. मे. दलाया यांनी म्हशीच्या दुधाची पावडर करून दाखवली. १९६० च्या सुमारास तिथे वर्षाला ६०० टन चीज काढण्याची व्यवस्था उभी राहिली. म्हशीच्या दुधापासून एवढ्या मोठ्या प्रमाणावर चीज करण्याचा जगातला तो पहिलाच प्रयत्न मानला जातो. आज आपल्याकडे चीजसाठी सूक्ष्मजीवांपासून मिळवलेले रेनेट सर्रास वापरले जाते, त्यामुळे शाकाहारी घराचेही दार उघडले. चिली चीज टोस्ट हॉटेलातून घरच्या तव्यावर आला तो यानंतर.

मिरची आणि टोमॅटो हे दोन्ही अमेरिका खंडातून, कोलंबसनंतर आलेले. टोमॅटोची इटलीतली पहिली छापील नोंद १५४४ ची; मिरची पोर्तुगीज जहाजांतून आपल्या किनाऱ्याला लागली. तेव्हा टोमॅटोचा ब्रुस्केता ‘अस्सल इटालियन’ आणि मिरचीचा टोस्ट ‘बिघडवलेला’ असे म्हणण्याला इतिहासात आधार नाही. दोघांनीही एकाच काळात, एकाच समुद्रावरून आलेला पाहुणा भाकरीवर बसवून घेतला आहे.

या पदार्थाच्या दोन हजार वर्षांच्या प्रवासात कृती फारशी बदललेली नाही. भाजणे, कुटणे, वितळवणे या तीनच क्रिया. बदलली ती त्याची ताटातली जागा, आणि जागेबरोबर किंमत. सिमुलसला तो दिवसभर नांगर धरण्यासाठी लागत होता; पॅरिसच्या भिकाऱ्याला दाराबाहेर मिळत होता; परमहंस सभेच्या सभासदाने तो दार लावून खाल्ला. आता दोन माणसांत मिळून चार तुकड्यांची बशी येते आणि त्यांतला एखादा बऱ्याचदा तसाच राहतो, कारण मुख्य जेवण यायचे असते. तो तुकडा परत स्वयंपाकघरात जातो. तिथे भट्टीपाशी उभे राहून सकाळपासून पाव भाजणारी, लसूण सोलणारी, कोथिंबीर निवडणारी माणसे असतात. त्यांनी काय खाल्ले, हे विचारण्याची पद्धत मेन्यूकार्डातही नाही आणि त्या लॅटिन कवितेतही नव्हती.